‘कुणी सांगितलं होतं तिथं जायला?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की धबधब्यात, धरणात, दरीत माणसं दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्यामागून वाचकांची पत्रं. पत्रांचा सूर बहुतेक ठरलेला असतो : कुणी सांगितलं होतं तिथं जायला? मस्ती केली, अंगाशी आली. अशांसाठी दुसऱ्यांनी जीव का धोक्यात घालायचा? शोधमोहिमेचा खर्च यांच्याकडूनच वसूल करा.

आम्ही पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात शोध-बचावाचं काम करणारे स्वयंसेवक आहोत. हा राग आम्हाला परका नाही. मनाई आदेशाचा फलक ओलांडून, पोटात दारू असताना डोहात उडी मारणाऱ्या माणसाला रात्री दोनला चिखलातून खांद्यावर वर आणताना मनात करुणाच असते, असं म्हटलं तर ते खोटं होईल. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्या चढावर मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. तिथं राबलेल्या माणसांपैकी कितीतरी जण एरवी दर रविवारी धबधब्यावरून पर्यटक उतरवतात. दोर तेच, स्ट्रेचर तीच, माणसंही तीच. पण इरशाळवाडीच्या माणसांबद्दल वाटलं ते रविवारच्या माणसाबद्दल वाटत नाही, हे खरं आहे आणि त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. कुणाला सहानुभूती वाटावी असा आग्रह या पत्रात नाही. मात्र हा राग जाहीरपणे बोलला जातो तेव्हा पाण्यात आणि दरीत त्याचे परिणाम होतात. ते आम्हाला जवळून दिसतात, म्हणून हे पत्र.

आधी पाण्याबद्दल. ‘बेजबाबदार’ हा शिक्का मारणारे आणि पाण्यात उभे राहणारे, दोघांनाही ओढ्याचा हिशेब सहसा माहीत नसतो.

घाटमाथ्यावरच्या एखाद्या ओढ्याला एक चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे असं धरू. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या क्षेत्रावर पन्नास हजार घनमीटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. जूनच्या सुरुवातीला यातलं बरंच जमिनीत मुरतं. जुलैत माती तुडुंब भिजलेली असते, खाली कातळ असतो, म्हणून बहुतेक सगळं पाणी ओढ्यात येतं आणि उतार तीव्र असल्यानं काही मिनिटांत खाली पोचतं. पाऊस वर पडत असतो. खाली, जिथं माणसं भिजत उभी असतात तिथं, रिमझिम असते, कधी तर चक्क ऊन. त्यामुळे पाणी वाढताना कुणालाही वर बघावंसं वाटत नाही.

पाणी किती जोरात ढकलतं याचाही ढोबळ हिशेब आहे. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन पायांवर सेकंदाला दीड मीटर वेगाचं पाणी साधारण अकरा किलोंचा रेटा देतं. तेच पाणी सेकंदाला तीन मीटरनं आलं की रेटा पंचेचाळीस किलोंवर जातो. शेवाळलेल्या कातळावर साठ किलोंच्या माणसाची पकड दहा-बारा किलोंच्या रेट्यालाच सुटू लागते. म्हणजे वेग दीड मीटर असताना तो जेमतेम उभा असतो. तोल सावरतोय, मजा येतेय, फोटो चाललेत. पुढच्या दोन-तीन मिनिटांत पाण्याची उंची फारशी वाढलेलीही दिसत नाही, वाढतो तो वेग, आणि वेग डोळ्यांनी मोजता येत नाही. काठावरून व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटतं, एवढं वाढतंय तरी हे हलले कसे नाहीत? पाण्यात उभं असलेल्याला ते पाणी आधीसारखंच वाटत असतं, आणि मग अचानक पाय निघतो.

३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्या पाचांत चार मुलं होती. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याखालच्या प्रतिक्रियांमध्ये ‘स्वतःच्या कर्मानं गेले’ हे वाक्य किती वेळा लिहिलं गेलं असेल, सांगता येत नाही. त्या मुलांनी कोणता बेजबाबदारपणा केला होता? व्हिडिओत ती सगळी एकमेकांना घट्ट धरून उभी दिसतात. घाबरलेली माणसं हेच करतात. आणि वाढत्या प्रवाहात हेच करायचं नसतं : एकमेकांना बिलगलेल्या माणसांच्या मागे पाणी तुंबतं, रेटा घ्यायला अंग मोठं होतं आणि एकाचा पाय निघाला की सगळे ओढले जातात. हे शाळेत शिकवत नाहीत, घरी कुणी सांगत नाही, आणि तिथल्या फलकावर ‘धोका’ एवढंच लिहिलेलं असतं.

पाण्याचा रंग गढूळ झाला, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज जड झाला, तर त्याच क्षणी बाहेर पडायचं. चपला, पिशव्या, मोबाईल यांच्यासाठी थांबायचं नाही. प्रवाहाला छाती देऊन सरळ जायचं नाही. खालच्या बाजूला तिरपं सरकत जवळच्या काठाला लागायचं. मधल्या खडकावर अडकलात आणि काठ गाठता येत नसेल, तर खडकाच्या सर्वांत उंच भागावर बसून राहायचं. घाटातल्या छोट्या ओढ्यांचं पाणी पाऊस थांबला की बहुतेक वेळा तासा-दोन तासांत उतरतं. बसून राहिलेली माणसं दोरानं काढता येतात.

वाहून गेलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. हे कुणाला पटत नाही, पण वाहत्या पाण्यातले कितीतरी मृत्यू यानंच होतात. दोन दगडांच्या बेचक्यात पाऊल अडकतं, पाणी मागून अंग पुढे दुमडतं आणि कमरेएवढ्या पाण्यात पट्टीचा पोहणारासुद्धा बुडतो. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे आणि चवडे पाण्याबाहेर. दगड लागला तर तो पायाला लागू द्या, डोक्याला नको. हातांनी वल्हवत काठाकडे सरकायचं. पाणी गुडघ्याखाली येऊन संथ झालं की मगच उठायचं. पुढे आडवं पडलेलं झाड दिसलं तर मात्र लगेच पालथं होऊन त्याच्यापासून दूर जोरात पोहायचं, आणि ते टाळता येणारच नसेल तर त्याच्याकडे पोहत जाऊन वर चढायचं. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस अडकतो. बंधाऱ्याच्या खाली पाणी वरून पडून मागे फिरत राहतं, तिथं सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी खेचला जातो. पांढऱ्या फेसात हवा भरपूर असल्यानं अंग नीट तरंगत नाही. बंधारा कमरेएवढ्या उंचीचा असला तरी त्याच्या खालच्या अंगाला पोहायला उतरू नये.

आता काठावरच्यांबद्दल. वाहून जाणाऱ्याला वाचवायला जो उडी मारतो तोही बऱ्याचदा जातो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोघांची नावं एकाखाली एक येतात आणि ‘मस्ती अंगाशी आली’ हा शेरा दोघांनाही सारखाच लागतो. त्यातला एक जण त्या काठावरचा सगळ्यांत निःस्वार्थी माणूस होता, हे त्या शेऱ्यात कुठेच दिसत नाही. त्याचं चुकलं ते एवढंच, की दुसरं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

दुसरं करण्यासारखं बरंच आहे. पंधरा-वीस मीटरचा तरंगणारा दोर असेल तर उत्तम, नसेल तर दोन-तीन ओढण्या किंवा एखादी साडी गाठी मारून. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाव भाग पाणी ठेवून झाकण घट्ट लावलं की तो लांब फेकता येतो आणि धरणाऱ्याला तरंगवतो. दोर वाहणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे तो त्याच्या हातात पडतो. फेकणाऱ्यानं खाली बसायचं, टाचा रोवायच्या, मागून दुसऱ्यानं कंबर धरायची. दोर स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला कधीही बांधायचा नाही. झटका बसला की तोही पाण्यात जातो. ओढाओढ करायचीही गरज नसते. दोर धरून ठेवला की प्रवाहच माणसाला काठाकडे वळवून आणतो.

माणूस बाहेर आल्यावर पोटावर बसून, दाबून पाणी काढायची रीत गावोगाव आहे. काही ठिकाणी उलटं टांगूनही फिरवतात. कृपा करून हे करू नका. पोटातलं पाणी आणि अन्न घशात येऊन फुप्फुसांत जातं, शिवाय हातातली मिनिटं वाया जातात. श्वास चालत नसेल तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडानं पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीनं तीस दाब, त्यानंतर दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, थकलात तर दुसऱ्यानं हाती घ्यायचं. प्राणवायू न मिळाल्यानं मेंदूला कायमची इजा चार ते सहा मिनिटांत सुरू होते. पथक कितीही चपळ असलं तरी फोन, जमवाजमव, गाडी, मग चाल, असं करत पोचायला तास-दीड तास लागतो. म्हणून बुडालेल्याला खरोखर वाचवू शकतो तो काठावरचा अनोळखी माणूस. त्याला या बुडणाऱ्याविषयी काय वाटतं, हा प्रश्न आमच्या भावनांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

रागाचे परिणाम म्हटलं ते इथून सुरू होतात. पहिला परिणाम, फोन उशिरा येतो. डोंगरात वाट चुकलेला गट दुपारी तीन-चारलाच ओळखतो की आपण चुकलो. पण आधी आपसांत वाद होतात, मग स्वतःच उतरायचा प्रयत्न. ‘घरी कळलं तर’, ‘पोलीस केस झाली तर’, ‘बातमीत फोटो आला तर’, ‘पैसे मागितले तर’. फोन येतो तो अंधार पडल्यावर. जुलैत पुण्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, दरीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं. चारला फोन आला असता तर गावातल्या एखाद्या गुराख्यानं त्यांना उजेडात पायवाटेला लावलं असतं. आठला आलेल्या फोनसाठी वीस-पंचवीस जण, दोर, स्ट्रेचर, बॅटऱ्या, आणि धुक्यात, घसरड्या कड्यावर रात्रभराचं काम. या चार तासांत चुकलेली माणसं भिजून गारठतात, थरथर थांबून बोलणं अडखळू लागतं, आणि उतरायच्या घाईत त्यातलाच कुणीतरी घसरतो. पथकाच्या जिवाला खरा धोका या उशिरामुळे होतो. आणि उशीर होतो त्यात लाजेचा वाटा मोठा असतो.

दुसरा परिणाम, लोक खोटं सांगतात. जागा मनाई आदेशातली असेल तर भलतंच ठिकाण सांगतात. सहा जण असतील तर चार सांगतात. दारू नव्हतीच म्हणतात. आणि ‘उडी मारली’ऐवजी ‘पाय घसरला’ म्हणतात. यातलं शेवटचं खोटं सगळ्यांत महागात पडतं. दहा मीटर उंचीवरून उडी घेतलेला माणूस पाण्यावर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटर असतो. डोह उथळ असला किंवा खाली दगड असला तर मानेचा मणका मोडू शकतो. उडी मारली होती हे कळलं तर त्याला मान न हलवता बाहेर काढता येतं : एकानं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवायचं, मानेला कॉलर, अंग फळीवर पट्ट्यांनी बांधलेलं. ‘घसरला’ म्हटलं की मित्र त्याला काखेत धरून उभा करतात, चालवायला बघतात, आणि चालू शकणारा माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. कुणी रागवेल या भीतीनं बोललेला एक शब्द, एवढंच त्याचं कारण. म्हणून आमच्या पथकांत नवीन मुलांना दोराच्या गाठींच्याही आधी हे शिकवावं लागतं, की जागेवर पोचल्यावर ‘कशाला गेला होतात?’ हा प्रश्न तोंडातून येता कामा नये. विचारायचं ते असं : कुठून पडला, किती वेळ झाला, शुद्धीवर आहे का, काय घेतलं होतं. उत्तर खरं हवं असेल तर आवाज सरळ ठेवावा लागतो.

फोन करणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो. ११२ वर फोन करा, जखमी असेल तर १०८ वर. दरीत रेंज नसेल तर दोघांना वर पाठवा, एकट्याला नको. मोबाईलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून सांगा. पाणी ज्या दिशेला वाहतंय तिकडे तोंड करून डावा काठ की उजवा, ते सांगा. किती जण, कपड्यांचा रंग, शेवटचं कधी आणि कुठं दिसला. ती जागा दगड रचून किंवा फडकं बांधून खुणेनं पक्की करा, आणि ज्यानं पाहिलं त्याला घरी पाठवू नका. शेवटचं दिसलेलं ठिकाण नक्की माहीत असेल तर शोध काही तासांचा होतो, नसेल तर काही दिवसांचा.

खर्च वसुलीची मागणी आम्हाला म्हणूनच मान्य नाही. मनाई आदेश मोडणाऱ्यावर कारवाई जरूर व्हावी. जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आदेश काढतात, तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. ती कारवाई पार्किंगजवळ, पाण्यात उतरायच्या आधी, सकाळी दहाला करा. हुल्लडबाजाला तिथंच परत पाठवा. पण सुटकेची किंमत लावली की ज्याच्याकडे पैसे नाहीत तो आधी फोन करायचं टाळेल. ब्रिटनमधली डोंगरी बचाव पथकंही स्वयंसेवी आहेत, कुणाकडून पैसे घेत नाहीत आणि आकारणीला याच कारणानं विरोध करतात. आम्ही घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतो असं लोक म्हणतात. म्हणोत. त्या भाकरीचं बिल जखमीच्या हातात द्यावं असं आम्हाला कधी वाटलेलं नाही.

आणखी एक. ‘स्वतःच्या चुकीनं’ म्हणताना चूक कुठं संपते आणि व्यवस्थेची हलगर्जी कुठं सुरू होते, हे सांगणं अवघड असतं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, चार जणांचा जीव गेला. ‘फलक होता ना’ हे लगेच ऐकू आलं. होता. पण पूल उघडा होता, त्याच्यावरून दुचाक्या जात होत्या, शंभराच्या आसपास माणसं आधीच उभी होती. गर्दी पाहून माणूस निर्धास्त होतो, शहाणा असला तरी. रविवारी भरलेल्या धबधब्यावर नेमकं हेच घडतं : एवढे सगळे उभे आहेत, म्हणजे ठीकच असणार.

आपल्या वृत्तपत्रामार्फत पर्यटनस्थळांच्या ग्रामपंचायती आणि प्रशासनाला काही मागण्या पोचवाव्यात, ही विनंती. ‘धोका’ एवढाच फलक उपयोगाचा नाही. त्यावर त्या जागेचा क्रमांक असावा, म्हणजे फोनवर पत्ता सांगता येईल, आणि ११२, आणि ‘पाणी गढूळ झालं की लगेच बाहेर या’ हे मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत. जिथं दरवर्षी माणसं वाहून जातात तिथं काठावर खांबाला अडकवलेला वीस मीटरचा दोर आणि बुडणाऱ्याला धरता येईल अशी तरंगणारी गोल कडी असावी, कुलपाविना. कड्या चोरीला जातील, हे माहीत आहे. चोरीला गेल्या तर पुन्हा लावाव्यात. पाणलोटात वरच्या अंगाला शनिवार-रविवारी एक माणूस शिट्टी आणि वॉकीटॉकी घेऊन बसवावा, त्याला खाली पाणी पोचायच्या आधी वाढ दिसते. गावातल्या पोहणाऱ्या पोरांना दोर फेकण्याचं आणि छातीदाबाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन जून ते सप्टेंबर मानधनावर नेमावं. पैसा पार्किंगच्या पावतीतून निघतो. ती पावती बहुतेक ठिकाणी आजही फाडली जाते. पाच-सहा पोरांच्या मानधनापुरतं तर त्यातून निघेलच. प्रशिक्षणाला आमच्यातले जे कुणी लागतील ते येतील, त्याचे पैसे नकोत. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत बोलवावं, कारण त्यानंतर आमचे शनिवार-रविवार मोकळे नसतात.

आपले,
सह्याद्रीतील शोध-बचाव कार्यातले काही स्वयंसेवक,
मावळ